अपघातग्रस्त मोटारगाडीची दुरुस्ती व विक्री

धडकेत नुकसान झालेली मोटारगाडी दुरुस्त करून वापरात ठेवावी, दुरुस्त करून विकावी, आहे त्या स्थितीत विकावी की मोडीत काढावी, हा निर्णय अपघातानंतर वाहनमालकास घ्यावा लागतो. हा निर्णय तीन बाबींवर अवलंबून असतो : गाडीच्या सांगाड्यास पोहोचलेली इजा, विमा पॉलिसीतून मिळणारी भरपाई आणि गाडीचे दुरुस्तीपूर्व व दुरुस्तीनंतरचे बाजारमूल्य. भारतात या विषयाचा संबंध मोटार वाहन अधिनियम, १९८८, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि मोटार विम्याच्या प्रमाणित अटींशी येतो. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली तरी नोंदणी स्वतःच्या नावावर असेपर्यंत मालकाची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. म्हणून या निर्णयाची कायदेशीर बाजू आर्थिक बाजूइतकीच महत्त्वाची ठरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील खासगी मोटारींचा विचार केला आहे.

स्वरूप

अपघातग्रस्त गाडीसंबंधीचा निर्णय चार रकमांच्या तुलनेतून ठरतो. पहिली रक्कम म्हणजे दुरुस्तीच्या खर्चापैकी मालकास स्वतः सोसावा लागणारा भाग. दुसरी, दुरुस्तीनंतर गाडीस बाजारात मिळू शकणारी किंमत. तिसरी, गाडी आहे त्या स्थितीत विकल्यास मिळणारी किंमत, म्हणजेच अवशेषमूल्य. चौथी, गाडी संपूर्ण निकामी ठरल्यास विमा कंपनीकडून मिळणारी रक्कम.

दुरुस्तीनंतरच्या किमतीतून मालकाचा स्वतःचा खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम अवशेषमूल्यापेक्षा अधिक असेल, तर दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या योग्य ठरते. ती कमी असेल, तर गाडी आहे तशी विकणे किंवा मोडीत काढणे श्रेयस्कर ठरते. ही तुलना गाडी सुरक्षितरीत्या पूर्ववत होऊ शकते, हे गृहीत धरून केली जाते. त्यामुळे तांत्रिक तपासणी आर्थिक हिशेबाच्या आधी करावी लागते.

नुकसानीचे तांत्रिक मूल्यमापन

सांगाड्याचे नुकसान

आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींची रचना एकसंध कवचाची असते. अशा गाडीत स्वतंत्र चासी नसून पत्र्याचे दाबून आकार दिलेले भाग परस्परांना वेल्डिंगने जोडलेले असतात आणि संपूर्ण कवचच भार पेलते. याउलट महिंद्रा बोलेरोसारख्या काही गाड्यांत शिडीच्या आकाराच्या स्वतंत्र चासीवर वरचा सांगाडा बसवलेला असतो. एकसंध कवचाच्या गाडीत एका कोपऱ्यास बसलेला धक्का दूरच्या भागापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे केवळ बाहेरून दिसणाऱ्या पोच्यावरून नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही.

गाडीचा पुढचा व मागचा भाग धडकेची ऊर्जा शोषून घेण्यासाठी मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो. या रचनेचे एकस्व मर्सिडीज-बेन्झमधील अभियंते बेला बारेनी यांना १९५२ मध्ये मिळाले. प्रवासी बसतात तो मधला भाग ताठ राहावा आणि टोकांनी धक्का सोसावा, हे तिचे तत्त्व होय. म्हणून बॉनेट, पुढचा भाग आणि डिकी चुरगळणे हे गाडी कमकुवत असल्याचे लक्षण नसते. मात्र एकदा चुरगळलेला भाग नुसता ठोकून सरळ केल्यास पुढील धडकेत तो पूर्वीप्रमाणे ऊर्जा शोषून घेईल, याची खात्री राहत नाही.

तपासणीच्या दृष्टीने नुकसानीचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

• बाह्य नुकसान : बंपर, बॉनेट, दरवाजे, फेंडर, दिवे, आरसे, काचा. हे भाग बहुधा नट-बोल्टने बसवलेले असतात आणि बदलता येतात. सांगाड्याच्या मजबुतीवर त्यांचा परिणाम सहसा होत नाही.
• रचनात्मक नुकसान : इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या तुळया, दरवाजांमधील व काचांलगतचे खांब, छत, तळपत्रा, सस्पेन्शन बसण्याच्या जागा. हे भाग वेल्डिंगने जोडलेले असतात. ते वाकले असतील, तर गाडी मापन-चौकटीवर चढवून निर्मात्याने दिलेल्या मापांशी ताडून पाहावी लागते.

रचनात्मक नुकसान झालेली गाडी दुरुस्तीनंतर एका बाजूस ओढू लागणे, टायर असमान झिजणे, दरवाजे नीट न बसणे आणि पावसात पाणी आत येणे, असे दोष उद्भवू शकतात. उच्च ताणशक्तीच्या पोलादाचे भाग तापवून सरळ केल्यास त्यांची ताकद घटते. म्हणून अनेक निर्माते असे भाग सरळ न करता बदलण्याची सूचना देतात.

एअरबॅग व विद्युत यंत्रणा

भारतात खासगी मोटारींत चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून अनिवार्य झाली. चालकाशेजारच्या आसनासाठी ती नव्या मॉडेलांत १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून उत्पादनात असलेल्या मॉडेलांत ३१ डिसेंबर २०२१ पासून अनिवार्य करण्यात आली. एअरबॅग एकदा उघडली की ती पुन्हा वापरता येत नाही. तिच्यासोबत आसनपट्ट्यांचे ताणक, नियंत्रक संच आणि अनेकदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. त्यामुळे बाहेरून मध्यम दिसणाऱ्या धडकेतही दुरुस्तीचा अंदाज मोठा होतो.

खर्च वाचवण्यासाठी एअरबॅग न बसवता केवळ वरचे आवरण बदलणे आणि इशारा देणारा दिवा बंद करणे, हा प्रकार अत्यंत धोकादायक आहे. अशी गाडी वरकरणी दुरुस्त दिसते, परंतु पुढील अपघातात प्रवाशांस संरक्षण मिळत नाही. चालकसाहाय्य यंत्रणेचे कॅमेरे व रडार असलेल्या गाड्यांत काच किंवा बंपर बदलल्यावर त्यांचे पुन्हा समायोजन करावे लागते. विद्युत मोटारींत तळाशी असलेल्या बॅटरी संचास इजा झाली आहे का, ही सर्वांत निर्णायक तपासणी असते.

छुपे नुकसान

गॅरेजमधील पहिला अंदाज बाह्य पाहणीवर आधारलेला असतो. गाडी उघडल्यावर रेडिएटर, इंजिनाचे आधार, स्टिअरिंग आणि वायरिंग यांचे नुकसान पुढे येते व पुरवणी अंदाज द्यावा लागतो. म्हणून विक्री की दुरुस्ती याचा निर्णय पहिल्या अंदाजावर न घेता गाडी उघडून केलेल्या तपासणीनंतर घेणे इष्ट ठरते.

विम्याची भूमिका

भारतात केवळ तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्यातून दुसऱ्याच्या हानीची भरपाई होते, स्वतःच्या गाडीची होत नाही. स्वतःच्या गाडीची भरपाई मिळण्यासाठी स्वनुकसान संरक्षण असलेली, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी लागते. तिचे प्रमाणित शब्दांकन १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात आढळते. १ जानेवारी २००७ पासून स्वनुकसान विम्याचे दर खुले झाले. तरीही पॉलिसीच्या मूळ अटी बव्हंशी त्याच दरपत्रकावर आधारलेल्या राहिल्या.

विमाधारकाचे घोषित मूल्य

पॉलिसीतील भरपाईची कमाल मर्यादा म्हणजे विमाधारकाचे घोषित मूल्य होय. व्यवहारात यास आयडीव्ही म्हणतात. पॉलिसी सुरू होताना त्या मॉडेलची जी निर्मात्याने जाहीर केलेली विक्री किंमत असेल, तिच्यातून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करून ते ठरते. दरपत्रकातील घसाऱ्याचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

• सहा महिन्यांपर्यंत : ५ टक्के
• सहा महिने ते एक वर्ष : १५ टक्के
• एक ते दोन वर्षे : २० टक्के
• दोन ते तीन वर्षे : ३० टक्के
• तीन ते चार वर्षे : ४० टक्के
• चार ते पाच वर्षे : ५० टक्के

पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य विमा कंपनी व विमाधारक यांच्या संमतीने ठरते. हप्ता कमी व्हावा म्हणून हे मूल्य कमी दाखवल्यास गाडी निकामी झाल्यावर भरपाईही तेवढीच कमी मिळते.

अंशतः हानी

गाडी दुरुस्त होण्याजोगी असल्यास तिला अंशतः हानी म्हणतात. यात बदललेल्या सुट्या भागांच्या किमतीवर घसारा कापला जातो. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा लागतो. काचेच्या भागांवर घसारा नसतो. धातूच्या व अन्य भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा वाढत जातो : सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीन वर्षांपर्यंत १५, चार वर्षांपर्यंत २५, पाच वर्षांपर्यंत ३५, दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात केवळ रंगसामग्रीवर ५० टक्के घसारा असतो. एकत्रित बिलात सामग्रीचा वाटा २५ टक्के धरला जातो.

याखेरीज १५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीस १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीस २,००० रुपये अनिवार्य वजावट असते. अपघातस्थळापासून जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी टोचन करून नेण्याचा खर्च प्रमाणित पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंत मिळतो. शून्य घसारा हे पूरक संरक्षण घेतलेले असल्यास सुट्या भागांवरील घसारा पॉलिसीत दिलेल्या मर्यादेत मालकास सोसावा लागत नाही.

मानीव एकूण हानी

गाडी सोडवून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च, पॉलिसीच्या अटी व शर्तींना अधीन राहून, घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास तिला मानीव एकूण हानी म्हणतात. व्यवहारात यासाठी ‘टोटल लॉस’ हा शब्द रूढ आहे. येथे गाडीची दुरुस्ती अशक्य असेलच असे नाही. ती परवडण्याजोगी नाही, एवढाच याचा अर्थ होय.

वरील व्याख्येतील ‘अटी व शर्तींना अधीन राहून’ हे शब्द वादाचे कारण ठरतात. गॅरेजचा अंदाज पूर्ण खर्चाचा असतो, तर सर्वेक्षक घसारा व अन्य वजावटी करून विमा कंपनीचे दायित्व काढतो. त्यामुळे मालकाच्या हिशेबाने ७५ टक्क्यांची मर्यादा ओलांडलेली गाडी सर्वेक्षकाच्या हिशेबाने तिच्या आत राहू शकते. अशा वेळी सर्वेक्षण अहवालाची प्रत मागवून त्यातील प्रत्येक वजावट तपासणे विमाधारकाच्या हिताचे असते.

मानीव एकूण हानीत विमा कंपनीचे कमाल दायित्व घोषित मूल्यातून अवशेषांची किंमत वजा जाता उरेल तेवढे असते. इन्व्हॉइस मूल्य संरक्षण ही पूरक पॉलिसी घेतलेली असल्यास घोषित मूल्य आणि खरेदीच्या वेळची किंमत यांतील फरकही तिच्या अटींनुसार मिळू शकतो.

दावा निकाली काढण्याच्या पद्धती

प्रमाणित पॉलिसीनुसार गाडी दुरुस्त करून देणे, बदलून देणे किंवा रोख रक्कम देणे, यांपैकी पर्याय निवडण्याचा अधिकार विमा कंपनीकडे असतो. व्यवहारात पुढील पद्धती आढळतात.

• दुरुस्ती तत्त्व : गाडी दुरुस्त करून प्रत्यक्ष बिलानुसार भरपाई.
• रोख हानी तत्त्व : दुरुस्ती न करता सर्वेक्षकाने ठरवलेली रक्कम परस्पर संमतीने रोख. गाडी मालकाकडेच राहते.
• अवशेष वजा तत्त्व : घोषित मूल्यातून अवशेषांची बोली वजा करून रक्कम. अवशेष मालकाकडे राहतात आणि तो ते स्वतः विकतो.
• एकूण हानी तत्त्व : घोषित मूल्य देऊन अवशेषांची विल्हेवाट विमा कंपनीच्या व्यवस्थेने.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत

दावारहित वर्षांसाठी स्वनुकसान हप्त्यात अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सवलत मिळते. दावा केल्यास ती पुढील नूतनीकरणात संपुष्टात येते. म्हणून लहान दुरुस्तीत मिळणारी भरपाई आणि गमवावी लागणारी सवलत यांची तुलना केली जाते. ही सवलत गाडीस नसून विमाधारकास लागू असते. गाडी दावा न करता विकल्यास ती नव्या गाडीच्या पॉलिसीत वापरता येते.

आर्थिक तुलनेचे उदाहरण

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत स्पष्ट करण्यासाठी घेतले आहेत. एका मोटारीची पॉलिसी सुरू होतानाची जाहीर किंमत ८,००,००० रुपये आणि वय तीन ते चार वर्षांच्या दरम्यान आहे. ४० टक्के घसारा वजा जाता घोषित मूल्य ४,८०,००० रुपये आणि त्याचे ७५ टक्के ३,६०,००० रुपये होतात.

समोरून झालेल्या धडकेनंतर दुरुस्तीचा अंदाज २,६०,००० रुपये आला. त्यात धातूचे भाग १,२०,००० रुपयांचे, प्लॅस्टिकचे भाग व एअरबॅग ६०,००० रुपयांचे, काच १०,००० रुपयांची, मजुरी ४०,००० रुपये आणि रंगकाम ३०,००० रुपये आहे. धातूच्या भागांवर ३०,०००, प्लॅस्टिक व एअरबॅगवर ३०,००० आणि रंगसामग्रीवर ३,७५० रुपये घसारा लागतो. अनिवार्य वजावट १,००० रुपये धरल्यास मालकाचा वाटा ६४,७५० रुपये आणि विमा कंपनीचा वाटा १,९५,२५० रुपये होतो.

दुरुस्तीनंतर गाडीस ४,००,००० रुपये आणि आहे त्या स्थितीत १,६०,००० रुपये मिळतील, असे मानू.

• सर्वसमावेशक विमा असल्यास : ४,००,००० वजा ६४,७५० म्हणजे ३,३५,२५० रुपये. ही रक्कम १,६०,००० रुपयांहून बरीच अधिक असल्याने दुरुस्ती फायदेशीर ठरते.
• केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास : ४,००,००० वजा २,६०,००० म्हणजे १,४०,००० रुपये. ही रक्कम १,६०,००० रुपयांहून कमी असल्याने गाडी आहे तशी विकणे योग्य ठरते.
• गाडी उघडल्यावर सर्व वजावटींनंतरचा खर्चही ३,६०,००० रुपयांच्या वर गेल्यास : मानीव एकूण हानी होते. अवशेष सोडून दिल्यास ४,७९,००० रुपये मिळतात. अवशेष १,२०,००० रुपयांस स्वतःकडे ठेवल्यास ३,५९,००० रुपये आणि अवशेष मालकाकडे राहतात.

पहिल्या दोन स्थितींत गाडी व नुकसान तेच असूनही केवळ विम्याच्या प्रकारामुळे निर्णय उलटा होतो. दुसऱ्या स्थितीत चूक समोरच्या चालकाची असल्यास मालमत्तेच्या हानीसाठी मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र त्या भरपाईस लागणारा काळ विचारात घ्यावा लागतो.

दुरुस्त गाडीची किंमत धडक न झालेल्या तशाच गाडीपेक्षा सामान्यतः कमी येते. या घटीची भरपाई स्वनुकसान पॉलिसीत मिळत नाही, कारण परिणामी हानी आणि मूल्यघट तिच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या असतात. म्हणून गाडी लवकरच विकायची असल्यास ही घट हिशेबात धरावी लागते. ती अनेक वर्षे वापरायची असल्यास घटीचे महत्त्व कमी होते.

विक्रीचे मार्ग

अपघातग्रस्त गाडी विकण्याचे प्रमुख मार्ग चार आहेत. पहिला, दुरुस्तीनंतर खासगी ग्राहकास विक्री. दुसरा, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास आहे त्या स्थितीत विक्री. तिसरा, अवशेष खरेदीदारांच्या ऑनलाइन बोलीतून विक्री. चौथा, नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रास गाडी देणे.

जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तीनुसार नोंदणी प्राधिकरणाकडून प्राधिकृत झालेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची विहित सूचना दिल्यावर तो व्यापारी त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. अप्राधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी केवळ साध्या पावतीवर सोपवल्यास असे संरक्षण मिळत नाही.

वाहने मोडीत काढण्याच्या केंद्रांसंबंधीचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झाले. आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अपघात यांत नुकसान झालेली आणि मालकाने स्वतः मोडीत काढण्यायोग्य म्हणून प्रमाणित केलेली गाडीही या केंद्रांत देता येते. केंद्राकडून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्राच्या आधारे नवीन खासगी वाहनाच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे.

कायदेशीर बाबी

पंचनामा व गाडीचा ताबा

अपघातात कोणी जखमी किंवा मृत झाले असल्यास पोलीस पंचनामा करतात आणि मोटार वाहन निरीक्षकाकडून गाडीची तपासणी होते. तपासणीपूर्वी दुरुस्ती सुरू केल्यास पुरावा नष्ट केल्याचा आक्षेप येऊ शकतो. जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्ये स्पष्ट केले. तथापि, न्यायालयाने हमीपत्रावर परत दिलेली गाडी परवानगीविना विकता येत नाही. विमा कंपनीसही दुरुस्तीपूर्वी कळवून सर्वेक्षण होऊ देणे आवश्यक असते.

मालकीचे हस्तांतरण

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार गाडी विकणाऱ्याने, नोंदणी त्याच राज्यातील असल्यास, १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळवावयाचे असते. यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. महाराष्ट्रात हे काम प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे आरटीओकडे असते.

कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, तो तिचा मालक समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी याच व्याख्येचा आधार घेतला. त्या प्रकरणी गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, परंतु नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. पुढे झालेल्या अपघाताच्या भरपाईस नोंदणीकृत मालक जबाबदार आहे, असे न्यायालयाने ठरवले.

अवशेषांच्या विक्रीत हा धोका विशेष असतो. अनेकदा गाडी मालकाकडून थेट बोली लावणाऱ्याकडे जाते आणि नोंदणी दीर्घकाळ मूळ मालकाच्या नावावर राहते. गाडी निकामी झाल्याच्या समजुतीने मालक विमा बंद करतो. घेणारा मात्र ती दुरुस्त करून रस्त्यावर आणतो. अशा विनाविमा गाडीच्या अपघाताचा भार मूळ मालकावर येऊ शकतो.

गाडी घेणाऱ्यासाठीही अशीच एक अडचण असते. कलम १५७ नुसार विमा नव्या मालकाकडे आपोआप हस्तांतरित झाल्याचे मानले जाते, पण हे केवळ तृतीय पक्ष जोखमीपुरते लागू आहे. स्वनुकसान संरक्षणासाठी विमा कंपनीशी स्वतंत्र करार लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या प्रकरणात नमूद केले आहे.

नोंदणी रद्द करणे

गाडी नष्ट झाली असल्यास किंवा कायमची निरुपयोगी ठरली असल्यास कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकरणास तसे कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावयाचे असते. नोंदणी रद्द झाल्यावर ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि तिचे सुटे भाग किंवा भंगार एवढेच मूल्य उरते. त्यामुळे बोलीची रक्कम घटते, परंतु मालकाची पुढील जबाबदारीही संपते.

कर्ज असलेली गाडी

गाडी बँकेकडे तारण असल्यास बँकेच्या ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय ती विकता येत नाही. कर्ज फिटल्यावर तारणाची नोंद नमुना ३५ द्वारे काढून घ्यावी लागते. मानीव एकूण हानीत विम्याची रक्कम प्रथम कर्जदात्याकडे जाते. कर्जाची बाकी घोषित मूल्याहून अधिक असल्यास उरलेली रक्कम गाडी हातात नसतानाही कर्जदारास फेडावी लागते.

सदोष दुरुस्ती

गाडीत दोष असल्याचे माहीत असताना ती रस्त्यावर चालवणे किंवा चालवू देणे हा कलम १९० खाली गुन्हा आहे. दुरुस्तीत इंजिन किंवा नोंदणी प्रमाणपत्रावरील अन्य तपशील बदलत असल्यास त्याची नोंद नोंदणी प्राधिकरणाकडे करून घ्यावी लागते.

गैरप्रकार

एकूण हानी ठरलेल्या गाडीची कागदपत्रे व चासी क्रमांक चोरीच्या त्याच मॉडेलच्या गाडीस लावून ती विकण्याचे प्रकार पोलीस तपासात वेळोवेळी उघड झाले आहेत. अशा व्यवहारात अवशेषांची किंमत त्यांतील सुट्या भागांपेक्षा कागदपत्रांमुळे वाढलेली असते. उत्तर प्रदेशातील मेरठ येथील सोतीगंज ही बाजारपेठ चोरीच्या गाड्या सुट्या करण्यासाठी कुप्रसिद्ध होती. तेथील दुकाने पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली. अवशेषांसाठी अपेक्षेहून फार मोठी बोली येणे आणि खरेदीदाराने नोंदणी रद्द न करण्याचा आग्रह धरणे, ही म्हणूनच सावधगिरीची चिन्हे मानली जातात.

दुरुस्त गाडी घेणाऱ्याने घ्यावयाची काळजी

अपघातानंतर दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी असुरक्षित नसते. बाह्य भाग बदललेली गाडी योग्य किमतीत मिळाल्यास ग्राहकाचा लाभही होतो. परंतु पूर्वीच्या नुकसानीची माहिती लपवली गेल्यास ग्राहक तिची योग्य किंमत ठरवू शकत नाही. पुढील बाबी तपासल्यास दुरुस्तीच्या खुणा बहुधा लक्षात येतात.

• दरवाजे, बॉनेट व डिकी यांच्या कडांमधील फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का.
• रंगाची छटा आणि जाडी सर्वत्र एकसारखी आहे का.
• बॉनेट व फेंडरच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का.
• डिकीतील गालिच्याखाली व इंजिनाच्या बाजूस कारखान्यातील मूळ वेल्डिंगचे ठिपके आहेत का.
• काचांवरील उत्पादनवर्षाच्या खुणा परस्परांशी जुळतात का.
• गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा पेटून काही क्षणांत विझतो का. तो मुळीच न पेटणे हेही संशयास्पद असते.
• चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतो का आणि त्याभोवती खाडाखोड किंवा नवे वेल्डिंग आहे का.

अधिकृत सेवा केंद्रातील कामांची नोंद आणि पूर्वीच्या विमा दाव्यांची माहिती मागणेही उपयुक्त ठरते. विकणाऱ्याने दुरुस्तीची बिले व छायाचित्रे जपून ठेवली असल्यास ग्राहकाचा विश्वास वाढतो आणि किमतीतील घट मर्यादित राहते.

अन्य देशांतील व्यवस्था

ब्रिटनमध्ये विमा कंपन्या अशा गाड्यांचे चार वर्ग करतात. ही वर्गवारी १ ऑक्टोबर २०१७ पासून सध्याच्या स्वरूपात आहे. ‘ए’ वर्गातील गाडी संपूर्ण चिरडावी लागते. ‘बी’ वर्गात काही सुटे भाग वापरता येतात, पण सांगाडा नष्ट करावा लागतो. ‘एस’ वर्गात रचनात्मक नुकसान असूनही दुरुस्ती शक्य असते आणि ‘एन’ वर्गात नुकसान रचनात्मक नसते.

अमेरिकेत एकूण हानी ठरलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का मारला जातो. त्यासाठीचे निकष राज्यागणिक वेगळे आहेत. तेथील जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मॅब्री विरुद्ध स्टेट फार्म या प्रकरणात दुरुस्तीनंतरच्या मूल्यघटीचाही विचार विमा कंपनीने केला पाहिजे, असा निर्णय दिला. भारतात नोंदणी प्रमाणपत्रावर अशी वर्गवारी करण्याची पद्धत नाही. त्यामुळे पूर्वीच्या अपघाताचा शोध घेण्याचा भार मुख्यतः ग्राहकावर पडतो.

तक्रार निवारण

दाव्याची रक्कम किंवा एकूण हानी ठरवण्यावरून मतभेद झाल्यास विमाधारकास प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. लोकपालाकडे तक्रार करण्यास शुल्क नसते आणि वकिलाची आवश्यकता नसते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा पर्यायही उपलब्ध असतो.

हे सुद्धा पहा

• मोटार विमा
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• घसारा
• एअरबॅग
• प्रादेशिक परिवहन कार्यालय
• मोटार अपघात दावे न्यायाधिकरण